टूर द फ्रान्सची कॉमेंट्री ऐकायची कशी

ही फ्रान्समधली टप्प्याटप्प्याची सायकल शर्यत पहिल्यांदाच बघताय ना, मग सपाट स्टेजचे (म्हणजे सपाट रस्त्यावरच्या एका दिवसाच्या टप्प्याचे) चार-पाच तास सलग ऐकायच्या भानगडीत पडू नका, शेवटचे 50 किमी धरा, त्याआधी बिचारे कॉमेंटेटर किल्ले नि द्राक्षमळ्यांचंच वर्णन करत बसतात.

आवाज बहुतेक दोन असतात, एक रेस सांगणारा आणि दुसरा माजी रायडर म्हणजे सायकलपटू, कान त्या दुसऱ्याकडे ठेवा. शॉन केलीचंच घ्या, 7 वेळा पॅरिस-नीस ही सायकल शर्यत जिंकलेला आयरिश गडी, मोजकं पण कामाचं बोलणारा. रेस सांगणारा फिल लिगेट मात्र आवाजानेच अंगावर काटा आणतो, रायडरचं नाव कधीमधी चुकतं, चालायचंच, कॉमेंटेटरही मॉनिटर बघूनच बोलतात.

म्हणून स्क्रीनवरचा गॅप, म्हणजे पुढे निसटलेले रायडर नि मागचा मोठा घोळका (पेलोटॉन) यांच्यातलं वेळेचं अंतर, स्वतः बघा. सपाटीवर ढोबळ हिशेब असा की पेलोटॉन 10 किमीत 1 मिनिट भरून काढतं, त्यामुळे 20 किमी उरलेत, गॅप 4 मिनिटं आहे आणि कॉमेंटेटर 'पकडणारच' म्हणून ओरडतोय, तर खुशाल दुर्लक्ष करा.