एक आयपी रेंज, दोन जागा: या चुका टाळा

"१ ते १०० ऑफिसला, १०१ ते २०० गोदामाला." नवीन मुलांना आयपी रेंज, म्हणजे नेटवर्कमधल्या यंत्रांना द्यायच्या नंबरांचा पट्टा, दोन जागांत वाटायला सांगितली की दहातली आठ मुलं हेच लिहून आणतात. ऐकायला सरळ वाटतं, पण सबनेट मास्कला, म्हणजे कोणते नंबर आपल्याच नेटवर्कातले हे यंत्राला सांगणाऱ्या आकड्याला, शंभर ही संख्या कळतच नाही. त्याला १२८, ६४, ३२ असेच तुकडे समजतात. शिवाय १२८ चा तुकडा ० पासून किंवा १२८ पासूनच सुरू होतो, १०१ पासून कधीच नाही.

सांगलीत हळदीच्या एका व्यापाऱ्याकडे नेमकी हीच वाटणी होती. शहरात ऑफिस, कुपवाड एमआयडीसीत गोदाम, दोन्हीकडे १९२.१६८.१०.० ची रेंज आणि मास्क २५५.२५५.२५५.०. मध्ये वायरलेस ब्रिज होता, म्हणजे दोन्ही जागा मिळून एकच नेटवर्क. त्यामुळे चूक असूनही सगळं चालत होतं. पुढे ब्रिज काढून दोन राउटर आणि व्हीपीएन टनेल (इंटरनेटमधून दोन्ही जागा जोडणारी खाजगी वाट) बसवला. त्याच दिवसापासून गोदामातून बिलिंगचा सर्व्हर दिसेना. इंटरनेट मात्र दोन्हीकडे व्यवस्थित. तीन दिवस सगळे टनेललाच दोष देत होते.

मी गोदामातल्या पीसीवर बसून ऑफिसातल्या २० नंबरच्या सर्व्हरला पिंग केलं, म्हणजे तो उत्तर देतो का हे बघायला छोटा निरोप पाठवला. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' असं उत्तर आलं, पण ते त्या पीसीच्याच, १०५ नंबरच्या अॅड्रेसवरून! इथेच निदान झालं. मास्क २५५.२५५.२५५.० असल्यामुळे पीसीला वाटत होतं, सर्व्हर याच इमारतीत आहे. तो एआरपीने, म्हणजे आपल्याच नेटवर्कात हाक मारून, 'वीस नंबर कोण?' असं गोदामातच विचारत बसला होता. पॅकेट राउटरकडे गेलंच नाही, मग टनेल काय करणार?

ऑफिसला ० ते १२७, गोदामाला १२८ ते २५५, दोन्हीकडे मास्क २५५.२५५.२५५.१२८ अशी वाटणी केली. गोदामातली १०१ ते १२७ मधली सगळी यंत्रं वरच्या तुकड्यात हलवली. रात्री अकराला काम संपलं, आणि सकाळी फोन आला: वजनकाट्याजवळचा प्रिंटर ऑफिसातून प्रिंट घेत नाही.

ही दुसरी चूक मला पहिलीपेक्षा जास्त छळते. प्रिंटरला पूर्वीच हाताने १५० नंबर दिलेला होता. नंबर नव्या तुकड्यात बसत होता, म्हणून कुणी त्याला हात लावला नाही. मास्क मात्र जुनाच राहिला. गोदामातला पीसी त्यावर छापत होता, कारण दोघं शेजारीच. ऑफिसचं पॅकेटही प्रिंटरपर्यंत पोचत होतं, पण उत्तर परत पाठवताना प्रिंटर सर्व्हरला गोदामातच शोधत होता. हळदीची पूड बसलेल्या त्या दोन ओळींच्या पडद्यावर बाण दाबत दाबत मी शेवटचं शून्य १२८ पर्यंत नेलं. तेव्हापासून कामाच्या आधी हाताने अॅड्रेस दिलेल्या प्रत्येक वस्तूची यादी मी वहीत लिहितो: प्रिंटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर, हजेरीचं मशीन. प्रत्येकाचा मास्क स्वतः बघून टिक करतो आणि शेवटचं पिंग दुसऱ्या जागेवरून घेतो. त्याच खोलीतून घेतलेल्या पिंगवर माझा भरवसा नाही.

'राउटरवर प्रॉक्सी एआरपी चालू करा, मास्क बदलायला नको' असा सल्ला मिळेल. ऐकू नका. राउटर इतरांच्या वतीने उत्तरं देत राहतो आणि चूक झाकली जाते. उद्या राउटर बदलला की ती पुन्हा उघडी पडते, आणि तोवर कारण सांगणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.

आणखी एक: अर्धी वाटणी म्हणजे न्याय्य वाटणी नव्हे. एका जागी १८० यंत्रं असतील तर १२८ च्या तुकड्यात ती मावत नाहीत. पहिला आणि शेवटचा नंबर राखीव, म्हणून वापरता येणारे अॅड्रेस १२६ च. अशा वेळी एकच रेंज कापायचा हट्ट कशाला? १०.०.०.० च्या खाजगी रेंजमध्ये १ कोटी ६७ लाखांहून जास्त अॅड्रेस फुकट आहेत. मी तर प्रत्येक जागेला २५६ चा अख्खा तुकडा देतो आणि शेजारी तेवढाच वाढीसाठी मोकळा ठेवतो.

१९२.१६८.० आणि १९२.१६८.१ ऑफिसला वापरूच नका. घरोघरचे राउटर तीच रेंज देतात, मग घरून व्हीपीएन लावणाऱ्याला ऑफिसचा सर्व्हर सापडत नाही.

पब्लिक अॅड्रेसचं, म्हणजे इंटरनेटवर थेट दिसणाऱ्या नंबरांचं, गणित वेगळं आहे. २५६ चा पब्लिक ब्लॉक अर्धा करून दोन शहरांतून वेगवेगळा जाहीर करायला जाऊ नका. २५६ हून लहान तुकडा इंटरनेटवर बहुतेक प्रोव्हायडर स्वीकारत नाहीत.

डीएचसीपी यंत्रांना आपोआप नंबर देतं; त्याची लीज, म्हणजे नंबर वापरायची मुदत, आदल्या आठवड्यातच कमी करा. विंडोज सर्व्हरवर ती मुळात ८ दिवसांची असते, म्हणजे रेंज बदलल्यावरही पीसी कित्येक दिवस जुनाच नंबर धरून बसू शकतात. मी ती एका तासावर आणतो आणि काम रविवारी करतो.