हाताने घडवलेल्या सुरीचे छायाचित्र कसे काढावे

गावच्या लोहाराने ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून घडवलेली सुरी हातात घेतली की तिचे वजन, तिचा तोल आणि मुठीवरून फिरलेली कानस लगेच जाणवते. छायाचित्रात मात्र तीच सुरी बहुतेक वेळा एक काळी पट्टी किंवा नुसता पांढरा झगमगाट होऊन बसते. गेली बारा वर्षे मी यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांतील भट्ट्यांवर घडलेल्या सुऱ्या, विळे, पावश्या आणि कुऱ्हाडी यांची छायाचित्रे काढत आहे. महागडा कॅमेरा घ्या, मोठा दिवा घ्या, पोलरायझर (चमक कमी करण्यासाठी भिंगावर बसवायची काच) लावा, असा सल्ला देणाऱ्यांनी स्वतः किती पाती टिपली आहेत, हा प्रश्न मला नेहमी पडतो. अडचण कॅमेऱ्याची नसते. पाते म्हणजे आरसा आहे, आणि आरशाचे छायाचित्र काढण्याची रीत वेगळी आहे.

सोप्या गोष्टी आधी. कॅमेरा तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) ठेवावा, आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, १०० आणि भिंगाचे छिद्र (अॅपर्चर) एफ ८ ते एफ ११ असावे, आणि बटण दाबताना हादरा बसू नये म्हणून २ सेकंदांचा टायमर लावावा. मोबाइल असेल तर रुंद भिंग टाळून दुप्पट जवळ आणणारे भिंग वापरावे आणि मागे सरकावे, कारण रुंद भिंगाने मूठ फुगलेली आणि टोक लांबलेले दिसते. पार्श्वभूमीला न रंगवलेली जुनी सागवानी फळी पुरते. लाल मखमल आणि चकचकीत सनमायका यांपासून दूर राहावे.

पाते सुती कापडाने पुसून त्यावरचे तेल काढावे आणि त्यानंतर त्याला उघड्या बोटाने अजिबात शिवू नये. हे पोलाद स्टेनलेस नसते. पावसाळ्यात घामट बोटाचा ठसा काही तासांतच गंजाच्या रूपाने उमटतो.

आता खरी अवघड पायरी, म्हणजे पात्यावरचा प्रकाश.

माझ्या सुरुवातीच्या काळात एका लोहारभाऊंच्या दहा सुऱ्या मी त्यांच्याच अंगणात कडुनिंबाच्या सावलीत मांडून टिपल्या होत्या. सावलीतला प्रकाश मऊ असतो, असे कुठेतरी वाचले होते. छायाचित्रे परगावच्या ग्राहकाला गेली आणि त्याने मागणी रद्द केली, कारण त्याला प्रत्येक पात्यावर गंजाचे ठिपके दिसले. ते ठिपके गंजाचे नव्हते, कडुनिंबाच्या पानांचे होते. पाते वरच्या झाडाला जसेच्या तसे दाखवत होते आणि मला ते कॅमेऱ्यातून पाहताना कळलेच नाही. त्या भाऊंचे महिनाभराचे काम माझ्या चुकीने पडून राहिले. त्या दिवसापासून मी पात्यावर किती प्रकाश पडतो हे पाहणे सोडले आणि पात्याला समोर काय दिसते हे पाहू लागलो.

प्रकाश ज्या कोनात आरशावर येतो त्याच कोनात परत जातो, हे शाळेत शिकलेले सूत्र इथे अक्षरशः लागू पडते. कॅमेरा फळीच्या एका बाजूने साधारण ४५ अंशांतून खाली पाहत असेल, तर पात्याला दुसऱ्या बाजूचे, तेवढ्याच उंचीवरचे जे काही असेल ते दिसणार. तिथे अंधारी भिंत असली तर पाते काळे येईल आणि तुमचा लाल शर्ट असला तर पाते लालसर येईल. दिवा कितीही मोठा असला, तरी तो त्या जागी नसेल तर पात्यापुरता तो नसल्यासारखाच आहे. ती जागा अंदाजाने शोधू नये. सुरीच्या जागी हातातला लहान आरसा आडवा ठेवावा, कॅमेऱ्याच्या भिंगाजवळ डोळा न्यावा आणि आरशात जे दिसेल तिथे पांढरे कापड उभे करावे.

कापडासाठी मी घरची बाज वापरतो. सुंभ काढलेली मोकळी बाज छपरीच्या कडेला लांब बाजूवर उभी करून तिच्या चौकटीवर जुने, पातळ झालेले धोतर ताणून बांधतो. छपरी पूर्वेची असेल आणि वेळ सकाळची ८ ते १० ची असेल, तर बाहेरून ऊन धोतरावर पडते आणि आख्खे धोतर एकसारखे उजळते. फळी आणि कॅमेरा आत सावलीत राहतात. विदर्भाच्या उन्हात याहून चांगला दिवा मला मिळालेला नाही. मात्र धोतराला नीळ दिलेली नसावी. एकदा मी नीळ दिलेले धोतर बांधले आणि सगळी पाती फिकट निळी आली. हत्यार जास्त तापून निळे पडले असावे, असे पाहणाऱ्याला वाटले. पांढऱ्या रंगाचे संतुलन (व्हाइट बॅलन्स) त्याच प्रकाशात ठेवलेल्या साध्या कोऱ्या कागदावरून ठरवावे.

एवढे केल्यावर पाते पांढरेशुभ्र येईल आणि तुम्हाला वाटेल की काम झाले. इथेच बहुतेक जण थांबतात आणि इथेच छायाचित्र बिघडते. सगळीकडून पांढरे झालेले पाते कागदातून कापल्यासारखे दिसते, कारण त्याचा आकार सांगणारी सावलीच उरत नाही. सुरीच्या पात्याला एक सपाट बाजू असते आणि धारेकडे जाणारा उतार असतो. ही दोन्ही पृष्ठे किंचित वेगवेगळ्या दिशांना पाहतात आणि लोहाराची सगळी मेहनत त्या दोहोंमधल्या सरळ रेषेत असते. ती रेषा दिसण्यासाठी एका पृष्ठाला पांढरे आणि दुसऱ्याला काळे दिसले पाहिजे. त्यासाठी वितभर रुंदीचा काळा पुठ्ठा धोतराच्या खालच्या कडेपाशी धरावा आणि डोळा भिंगाशी ठेवून दुसऱ्याकरवी तो बोटभर बोटभर सरकवावा. एका ठरावीक जागी उतार एकदम गडद होतो, सपाट बाजू उजळ राहते आणि मधली रेषा सुईने ओढल्यासारखी उमटते. पुठ्ठा तिथेच पक्का करावा. पहिल्या वेळी यात तासभर जाईल. तो जाऊ द्यावा.

पोलरायझरबद्दल स्पष्ट सांगतो. काचेवरची किंवा पाण्यावरची चमक त्याने कमी होते, उघड्या धातूवरची होत नाही, कारण धातूवरून परतणारा प्रकाश तसा ध्रुवीकृत, म्हणजे एकाच पातळीत कंप पावणारा, होत नसतो. तेल पाजलेल्या मुठीवरची चमक मारायला तो उपयोगी आहे, पात्यासाठी त्यावर पैसे घालू नयेत. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश तर सरळ बंद करावा.

उजळ पाते चौकटीत मोठे असेल तर कॅमेरा आपणहून प्रकाश कमी करतो आणि पोलाद राखाडी पडते. म्हणून एक्सपोजर अर्ध्या ते एका पायरीने (स्टॉपने) वाढवावे, पण धारेजवळचा तपशील पांढऱ्यात विरणार नाही याची खात्री करावी.

ठोक्यांच्या खुणा टिपायच्या असतील तर ही सगळी मांडणी बदलावी लागते. पात्याच्या पाठीजवळ लोहार मुद्दाम घासायचे सोडतो, तिथे हातोड्याचे खोलगट ठसे आणि काळी खपली राहते. ती खपली आरशासारखी नसते, त्यामुळे तिच्यावर बाजूने, जवळजवळ फळीला टेकून येणारा तिरपा प्रकाश लागतो. कवाड एक फट उघडे ठेवून आलेला उन्हाचा कवडसाही चालतो. संगणकावर या खुणा पुसून पाते गुळगुळीत करणारे लोक मला मुळीच पटत नाहीत. ज्याने घण मारला त्याची सही पुसण्यासारखे ते आहे. कित्येक लोहार धारेपुरतेच पाणी देतात, म्हणजे तापलेल्या पात्याची धार तेवढी बुडवून थंड करतात, त्यामुळे धार कडक होते आणि पाठ चिवट राहते. अशा पात्यावर लिंबाचा रस हलकेच फिरवून धुतले की दोन्ही भागांची छटा थोडी वेगळी दिसते. ती सीमा टिपण्यासाठी पाते धोतराच्या थेट प्रतिबिंबापासून किंचित बाजूला वळवावे. मालकाला विचारल्याशिवाय मात्र लिंबू लावू नये.

भट्टीवरची छायाचित्रे मृगाच्या तोंडावर काढायला जाऊ नये. तेव्हा वखर-डवऱ्याच्या पासा (लोखंडी पाती) घेऊन शेतकरी रांगेत उभे असतात आणि लोहाराला मान वर करायला वेळ नसतो. दिवाळीनंतर जावे. पांढरे संतुलन स्वयंचलित ठेवू नये, कारण कॅमेरा लाल पोलादाचा लाल रंगच दुरुस्त करून टाकतो. ते सुमारे ५५०० केल्विनवर स्थिर करावे आणि उजेड तापलेल्या लोखंडावरून मोजावा. काही मोबाइलमध्ये निखारे जांभळे दिसतात, कारण त्यांच्या संवेदकापर्यंत डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाशही पोहोचतो. असा मोबाइल भट्टीसाठी वापरू नये. घण ऐरणीवर थांबलेला हवा असेल तर शटरचा वेग १/२५० सेकंद, ठिणग्यांच्या रेघा हव्या असतील तर १/३० सेकंद.

सगळ्यांत महत्त्वाचा क्षण पाणी देण्याचा आणि तो पुन्हा मिळत नाही. पोलाद सुमारे ७७० अंश सेल्सिअसला चुंबकाला धरेनासे होते आणि त्याच्या थोडे पुढे ते बुडवले जाते. लोहार हे डोळ्यांनी, रंगावरून ओळखतो, म्हणूनच भट्टी अंधाऱ्या जागी असते. तिथे दिवा लावून त्याचा अंदाज बिघडवू नये. मी एकदा छायाचित्रासाठी आणखी थोडे तापवा म्हणालो, तेव्हा लोहारभाऊ म्हणाले, "पिवळं पडू देलं तं पातं गेलंच समजा." जास्त तापलेल्या पोलादाचा कण मोठा होतो आणि धार ठिसूळ बनते, म्हणून छायाचित्रासाठी लोहाराला काहीही वेगळे करायला सांगू नये. उभे कुठे राहायचे ते आधी विचारून ठेवावे, पाण्याच्या भांड्यावर फोकस आधीच पक्का करावा आणि तो सांडशी उचलतो तेव्हापासून सलग टिपत राहावे.

मुठीसाठी धोतराचाच मऊ प्रकाश पुरतो. तिवस, धावडा किंवा बाभूळ, जे लाकूड असेल त्याचे रेषे दिसावेत एवढे जवळ जावे. आकाराचा अंदाज यावा म्हणून एक छायाचित्र लोहाराच्या हातात सुरी असलेले काढावे आणि पात्याची लांबी इंचांत लिहून ठेवावी. सुरी परत देण्याआधी पात्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवावा, आणि छापलेली दोन छायाचित्रे पुढच्या बाजाराच्या दिवशी भट्टीवर नेऊन द्यावीत.