जॅक नसलेला फोन: जुना इअरफोन कसा चालवायचा, नवे बड्स कसे निवडायचे

ॲपलने २०१६ मध्ये आयफोन ७ मधून ३.५ मिलिमीटरचा जॅक काढला, सॅमसंगने २०१९ मध्ये नोट १० मधून. आता नवा फोन हातात आला की खाली टाइप-सीचं एकच पोर्ट दिसतं आणि चांगला चालणारा वायरचा इअरफोन खणात जातो. तो टाकू नका. कॉल, ऑनलाइन तास आणि मोबाइलवर पेटी किंवा कीबोर्ड वाजवणं या तीन कामांसाठी वायर अजूनही सरस आहे. चालता-फिरता ऐकायला बड्स सोयीचे. दोन्ही ठेवा.

कनेक्टर घेताना

सर्वात जास्त पैसे इथे वाया जातात. बाजारात टाइप-सी ते ३.५ चे कनेक्टर दोन प्रकारचे असतात आणि दिसायला सारखेच. एकात नुसत्या तारा असतात. फोन स्वतः पोर्टमधून ॲनालॉग आवाज देत असेल तरच तो चालतो. मोटो झी, शाओमी एमआय ए२ अशा काही जुन्या फोनमध्ये ही सोय होती. दुसऱ्या प्रकारात डॅक नावाची छोटी चिप असते. फोनमधला डिजिटल आवाज इअरफोनला समजेल अशा ॲनालॉग सिग्नलमध्ये बदलण्याचं काम ती करते. पिक्सेल आणि सॅमसंगच्या जॅक नसलेल्या फोनना हाच लागतो. साधा लावला तर काहीच होत नाही, गाणं फोनच्या स्पीकरवरच वाजत राहतं. तेव्हा खोक्यावर ‘डॅक’ लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. आयफोन ७ ते १४ साठी लाइटनिंगचा (ॲपलचं जुनं, वेगळं पोर्ट) कनेक्टर लागतो, १५ पासून पुढे टाइप-सीचा.

दुकानातच स्वतःच्या फोनला लावून बघा: गाणं वाजवा, व्हॉइस रेकॉर्डरमध्ये चार वाक्यं बोला, वायरवरचं बटण दाबा. ॲपलचा टाइप-सी कनेक्टर चांगला आहे, पण अनेक अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज फार बारीक येतो, म्हणून ही चाचणी टाळू नका. ऐकता ऐकता चार्जिंग करायचं असेल तर दोन तोंडांचा कनेक्टर मिळतो. त्यातही डॅक हवाच.

लावला आणि आवाज नाही, तर या क्रमाने तपासा:

१. ओप्पो, व्हिवो, रिअलमी, वनप्लस यांच्या अनेक फोनमध्ये सेटिंग्जमधलं ‘ओटीजी’ (पोर्टला बाहेरचं उपकरण जोडण्याची सोय) सुरू करावं लागतं. काही वेळ वापर नसला की ते आपोआप बंद होतं. काल चाललेला कनेक्टर आज ‘बिघडतो’ त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

२. कनेक्टर सैल बसतोय? पोर्टमध्ये खिशातला धागा-धूळ दाबून बसलेली असते. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच काढा. टाचणी किंवा सुई अजिबात नको.

३. वाद्यं ऐकू येतात पण गायकाचा आवाज नाही, आणि माइकचं बटण दाबून धरलं की तो परत येतो? मग इअरफोन जुन्या जोडणीचा आहे. त्याच्या पिनवर माइक आणि अर्थिंगच्या जागा उलट असतात. कनेक्टर बदलून उपयोग नाही.

बड्स जोडताना

डबी उघडी ठेवा, बटण असेल तर दिवा लुकलुकेपर्यंत दाबा आणि फोनच्या ब्लूटूथमध्ये नाव निवडा. नाव दिसतच नसेल तर बड्स घरातल्याच दुसऱ्या फोनला किंवा लॅपटॉपला जाऊन चिकटलेले असतात. तिथलं ब्लूटूथ बंद करा.

एकाच कानात आवाज येत असेल तर आधी डबीतल्या चार्जिंगच्या पिना पाहा. कानातला मळ आणि घाम साचून एक बड चार्जच होत नाही. कोरडा कापसाचा बोळा पुरतो, चिकट असेल तर त्यावर थेंबभर आयसोप्रोपिल अल्कोहोल. तरी नाही, तर फोनमधून नाव ‘फरगेट’ करा, दोन्ही बड्स डबीत ठेवून रीसेट करा (बहुतेकांत बटण १० ते १५ सेकंद दाबून धरायचं, नेमकी रीत पत्रकात असते) आणि पुन्हा जोडा.

आवाज तुटत असेल तर फोन मागच्या खिशातून काढून बघा. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि शरीरातलं पाणी त्या लहरी शोषतं. एलडीएसी (ब्लूटूथवरून जास्त तपशिलाने आवाज पाठवायची पद्धत) चालू असेल तर तिचा वेग ९९० केबीपीएसवरून ६६० किंवा ३३० वर आणा. हा पर्याय अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये लपलेल्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये असतो, ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारली की ते उघडतात. आवाज फारच कमी किंवा एकदम मोठा होत असेल तर तिथलंच ‘डिसेबल ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम’ चालू करून पाहा. आयफोन आवाज पाठवायला फक्त एसबीसी आणि एएसी या पद्धती वापरतो. त्याच्यासाठी एलडीएसीचे जास्त पैसे मोजू नका.

कॉल लागला की गाण्याचा भरीव आवाज एकदम टेलिफोनसारखा होतो. हा बिघाड नव्हे. माइक सुरू होताच ब्लूटूथ बोलण्यासाठीच्या कमी दर्जाच्या जोडणीवर जातं. लॅपटॉपवर तास असेल तर माइक लॅपटॉपचा निवडा, ऐकायला बड्स ठेवा, दर्जा टिकतो. ब्लूटूथवर आवाज थोडा उशिराही पोहोचतो, तोही बिघाड नव्हे. व्हिडिओची ॲप्स चित्र तेवढंच मागे ठेवून सांभाळून घेतात, पण वाजवलेल्या स्वराला तशी सोय नाही. बोट पडल्यावर सूर मागून येतो. म्हणून पेटीवाल्यांनी वायरच लावावी.

रबरी टोप्या तिन्ही मापांत लावून बघा. सैल बसली की खर्ज गळतो आणि माणूस आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास आहे.

प्रत्येक बडमधली बॅटरी जेमतेम ३० ते ६० एमएएचची असते, रोज चार्ज-डिस्चार्ज होऊन दमते आणि बहुतेक बड्समध्ये ती बदलता येत नाही. घेण्याआधी विचारा: एकच बड किंवा नुसती डबी सुटी मिळते का, आणि कितीला?