जवसाची चटणी: भाजण्यापासून बरणीपर्यंत

रक्तदाबासाठी जवसाची चटणी खायची असेल, तर आधी एक लक्षात घ्या: अख्खं जवस खाल्लं तर बरंचसं जसंच्या तसं बाहेर पडतं. टरफल गुळगुळीत, कडक. दातांतून सहज निसटतं. म्हणून दळायचंच. लिग्नान (वनस्पतींतली एक प्रकारची संयुगं) टरफलात असतात; आतड्यातले जिवाणू त्यांचं एंटेरोलॅक्टोन या शरीरात शोषल्या जाणाऱ्या संयुगात रूपांतर करतात. ओमेगा-3 मात्र तेलात असतं. नुसतं जवसाचं तेल घेतलं की लिग्नान जवळजवळ मिळतच नाहीत, तंतूही जातात.

पाव किलो जवस निवडून घ्या, माती-खडे फार असतात. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सहा-सात मिनिटं परता. तडतड सुरू होऊन दाणा फुगला की दोन दाणे चावून बघा: कुरकुरीत लागले पाहिजेत. मोठ्या आचेवर बाहेरून करपतं, आत कच्चं राहतं आणि चटणी कडवट होते. लगेच ताटात पसरा.

दहा-बारा लसूण पाकळ्या ठेचून दहा मिनिटं ठेवा, मगच कोरड्या भाजा. अख्ख्याच भाजल्या तर लसणीला उग्र वास देणारं अ‍ॅलिसिन तयार करणारं एन्झाइम आधीच मरतं. लसणीतला ओलावा पूर्ण गेला पाहिजे, नाहीतर बुरशी धरते.

जवस पूर्ण गार झाल्यावर आठ सुक्या मिरच्या, चमचाभर जिरं, लसूण आणि एकच चहाचा चमचा मीठ घालून मिक्सर थांबत थांबत फिरवा. सलग फिरवलं तर भांडं तापतं, तेल सुटतं, गोळा होतो. रक्तदाबासाठी चटणी खायची आणि मीठ सढळ हाताने घालायचं, याला काय अर्थ?

काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये, दोन-तीन आठवडे. हवा लागली की हे तेल घट्ट होतं (तैलरंगात वापरतात ते याचमुळे), आणि खवट वास आला की चटणी टाकून द्यायची.

सुरुवात रोज एका चहाच्या चमच्याने, मग मोठा चमचा. तेवढ्यात, म्हणजे सुमारे 7 ग्रॅममध्ये, दीडेक ग्रॅम ओमेगा-3 मिळतं. सोबत पाणी भरपूर, नाहीतर पोट जड होतं. कॅनडातल्या, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या रुग्णांनी सहा महिने रोज 30 ग्रॅम दळलेलं जवस खाल्लं. त्यांचा वरचा रक्तदाब न खाणाऱ्यांपेक्षा सुमारे 10 अंकांनी कमी भरला. चमचाभर चटणीकडून तेवढी अपेक्षा नको, आणि तिच्या भरवशावर गोळ्या तर मुळीच बंद करू नका. जवसाचा चिकटपणा औषधाचं शोषण कमी करू शकतो, त्यामुळे गोळी आणि चटणीत दोनेक तासांचं अंतर ठेवा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.