खारफुटीतला नवरंग मोजायला जाण्यापूर्वी

ओडिशाच्या वनविभागाने २०२४ मध्ये केंद्रापाडा आणि जगतसिंहपूर या किनारी जिल्ह्यांत खारफुटीतल्या नवरंगाची, म्हणजेच मॅन्ग्रोव्ह पिट्टाची, देशातली पहिली गणना केली व १७९ पक्षी नोंदवले. तेव्हापासून नागपूरची अनेक पक्षीवेडी मुले केंद्रापाड्यातल्या भितरकनिका या खारफुटीच्या उद्यानात जाण्याच्या तयारीविषयी विचारतात. तयारी इथेच होते, कारण आपला नवरंग पावसाच्या तोंडावर विदर्भातल्या रानांत शीळ घालू लागतो. त्याची पांढरी भुवई आणि डोक्यावरचा मधला काळा पट्टा डोळ्यांत बसला, की तपकिरी माथ्याचा, भुवई नसलेला व जाड चोचीचा खारफुटीतला भाऊबंद ओळखण्यात अडचण येत नाही.

अडचण मोजण्यात आहे, आणि माझा सर्वाधिक वेळ तिथेच गेला. हा पक्षी दिसतो कमी, ऐकू येतो जास्त. डावीकडून शीळ आली, थोड्या वेळाने समोरून आली, मग उजवीकडून आली, की वहीत तीन पक्षी पडतात. प्रत्यक्षात खारफुटीच्या चिखलातून वर आलेल्या श्वासमुळांमधून खेकडे टिपत फिरणारा तो एकच असू शकतो. दोन आवाज एकाच वेळी आले, तरच निःशंकपणे दोन लिहावेत. म्हणून प्रत्येक शिळेची वेळ, दिशा आणि अंदाजे अंतर नोंदवणे अपरिहार्य आहे. त्याहून फसवी असते नागमोडी खाडी. होडीने पाण्यावरून पाचशे मीटर पुढे आलो म्हणून आपण निर्धास्त असतो, पण वळसा घेऊन आपण त्याच झाडीच्या पलीकडच्या अंगाला पोहोचलेलो असतो आणि मघाचाच पक्षी पुन्हा मोजला जातो. दोन थांब्यांमधले अंतर नेहमी नकाशावर सरळ रेषेत मोजावे, पाण्याच्या वाटेने कधीही नाही.

मोबाइलवर शीळ वाजवून पक्षी बोलावणाऱ्यांविषयी मला मुळीच सहानुभूती नाही. त्याने पक्षी जागा सोडतो, विणीत व्यत्यय येतो आणि आकडाही बिघडतो. आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या अ‍ॅपने नाव सुचवले एवढ्यावर नोंद करणेही तितकेच वाईट. मार्गदर्शक निवडताना लेन्सची लांबी पाहू नये. भरती-ओहोटीची वेळ नावाड्याला विचारून मगच बेत आखणारा माणूस शोधावा.

मात्र कानाने अंतर ओळखणे जमणार नाही, ही भीती निराधार आहे. नागपूरजवळच्या गोरेवाड्याच्या पायवाटेवर मित्राला टेपने मोजलेल्या अंतरावर उभे करून शीळ घालायला सांगावी, आपण पाठमोरे राहून अंदाज लिहावा; कान हळूहळू सरावतो.

खाऱ्या पाण्यातल्या मगरींच्या विणीमुळे भितरकनिका उद्यान १ मे ते ३१ जुलै पर्यटकांसाठी बंद असते आणि या नवरंगाच्या शिळेचा काळही साधारण तोच आहे. त्यामुळे तिकीट काढून आयत्या वेळी जाण्याचा विचार सोडून द्यावा, आणि स्वयंसेवक म्हणून वनविभागाकडे उन्हाळ्यापूर्वीच विचारणा करावी.