गाडी वळताना येणारा आवाज: दोष कसा शोधावा आणि कसा दूर करावा

सरळ रस्त्यावर शांत धावणारी गाडी स्टीअरिंग फिरवताच टकटक, करकर किंवा घरघर करू लागली, की बहुतेक जण आवाज ज्या बाजूने येतो असे वाटते त्या बाजूचा एखादा भाग बदलून मोकळे होतात. हा मार्ग हमखास महागात पडतो, कारण स्टीअरिंग, सस्पेन्शन, ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्सकडून चाकाला फिरवणारा दांडा) आणि ब्रेक यांचे भाग पुढच्या चाकांजवळ दाटीने बसवलेले असतात आणि धातूच्या सांगाड्यातून आवाज भलतीकडेच ऐकू येतो. म्हणून आवाज कुठून येतो यापेक्षा तो केव्हा येतो, हे आधी ठरवावे: गाडी उभी असताना, सावकाश वळताना, की वेगात.

गाडी उभी ठेवून इंजिन चालू करावे आणि स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहावे. गाडीला हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंग असेल आणि फिरवताना कण्हल्यासारखा आवाज येत असेल, तर पॉवर स्टीअरिंगच्या टाकीतील ऑइल तपासावे. पातळी खाली गेली असेल, तर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचेच ऑइल भरावे. ऑइलवर फेस दिसला, तर त्यात हवा शिरली आहे. पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवल्यास ती निघून जाते. पातळी पुन्हा उतरू लागली, तर गळती शोधल्याशिवाय गत्यंतर नाही. पाइपांचे सांधे आणि स्टीअरिंग रॅकच्या (चाके वळवणाऱ्या दातेरी दांड्याच्या) टोकांचे रबरी भाते आधी पाहावेत, कारण गळलेले ऑइल अनेकदा भात्यातच साचून राहते आणि जमिनीवर एक थेंबही दिसत नाही. स्टीअरिंग टोकाला नेल्यावर कर्कश चीत्कार येत असेल, तर पॉवर स्टीअरिंगचा पंप फिरवणारा पट्टा सैल किंवा झिजलेला असण्याची शक्यता अधिक असते. पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या पॉवर स्टीअरिंगमध्ये मात्र हे ऑइलच नसते, त्यामुळे ही तपासणी तिथे लागू होत नाही.

उभ्या गाडीत करकर किंवा ताणलेली स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज आला, तर शॉक ॲब्सॉर्बरच्या वरच्या माउंटवर (तो गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडला जातो त्या आधारावर) संशय घ्यावा. दुसऱ्या व्यक्तीला स्टीअरिंग फिरवायला सांगून आपण स्प्रिंगवर बाहेरून हलकेच तळहात टेकवावा, बोटे वेटोळ्यांत घालू नयेत. माउंटचे बेअरिंग अडकत असेल, तर स्प्रिंग आधी पिळली जाते आणि मग झटक्याने सुटते. तो झटका हाताला स्पष्ट जाणवतो. हे माउंट घरी बदलू नये असे माझे ठाम मत आहे, कारण दाबलेली स्प्रिंग निसटली तर जीवघेणी इजा होऊ शकते.

सावकाश वळताना, विशेषतः ॲक्सिलरेटर दाबल्यावर, चाकाच्या गतीबरोबर टकटक वाढत असेल, तर बाहेरचा सीव्ही जॉइंट (ड्राइव्ह शाफ्टच्या चाकाकडील टोकाचा, वळतानाही चाक फिरवू देणारा सांधा) तपासावा. मोकळ्या मैदानात स्टीअरिंग पूर्ण वळवून दोन्ही दिशांनी, पुढे आणि मागे, सावकाश फेऱ्या मारल्या की हा आवाज उघडा पडतो. नंतर चाक वळवून जॉइंटवरील रबरी बूट (आवरण) निरखावा. तो फाटलेला असेल, तर फिरत्या शाफ्टमुळे उडालेल्या काळ्या ग्रीसचा पट्टा चाकाच्या आतल्या बाजूला दिसतो. बूट फाटला आहे पण आवाज सुरू झालेला नाही, अशा वेळी जॉइंट साफ करून नवे ग्रीस आणि नवा बूट बसवणे पुरेसे ठरते. एकदा टकटक सुरू झाली की आतल्या गोळ्या आणि खाचा झिजलेल्या असतात; मग कितीही ग्रीस भरले तरी उपयोग होत नाही, जॉइंट किंवा संपूर्ण शाफ्ट बदलावाच लागतो.

वेगाबरोबर वाढणारी घरघर हे बहुधा चाकाच्या बेअरिंगचे लक्षण असते. वळताना गाडीचे वजन बाहेरच्या चाकांवर जाते, त्यामुळे डावीकडे वळताना घरघर वाढली तर उजव्या बाजूचे बेअरिंग आधी पाहावे. टायरच्या असमान झिजेमुळेही असाच आवाज येतो, परंतु तो वळणावर फारसा बदलत नाही. खात्रीसाठी चाक उचलून हाताने फिरवावे आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवावा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून जाणवते. केवळ जॅकच्या भरवशावर हे काम कधीही करू नये. गाडी सपाट जमिनीवर ठेवून, हँडब्रेक ओढून, जमिनीवरच्या चाकांना अडण्या लावून आणि भक्कम स्टँडचा आधार देऊनच हात घालावा.

चाक उचललेले असतानाच ते वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे धरून हलवावे. वर-खाली ढिलेपणा असेल, तर तो बॉल जॉइंटचा (चाकाला सस्पेन्शनशी जोडणाऱ्या गोलाकार सांध्याचा) किंवा बेअरिंगचा असतो. केवळ आडवा असेल, तर टाय रॉडच्या (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याच्या) टोकाचा किंवा रॅकचा. बॉल जॉइंट निखळला तर चाक कोलमडते आणि गाडीवरचा ताबा सुटतो, म्हणून तो ढिला आढळल्यास गाडी चालवत न नेता उचलून न्यावी.

घासल्याचा आवाज येत असेल, तर कारण अनेकदा किरकोळ असते: ब्रेक डिस्कमागचा वाकलेला पत्रा, त्यात अडकलेला खडा किंवा मडगार्डच्या आतले सुटलेले प्लॅस्टिकचे आवरण. पत्रा हाताने किंचित मागे वाकवला, खडा काढला, आवरणाच्या क्लिपा बसवल्या, की काम होते.

टाय रॉड बदलल्यास चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे, अन्यथा नवे टायरही लवकर झिजतात. ड्राइव्ह शाफ्ट काढल्यास चाकाच्या मध्यभागी असलेला त्याचा नट प्रत्येक वेळी नवा वापरावा आणि तो उत्पादकाने सांगितलेल्या मापानेच टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळावा, कारण अनेक गाड्यांत बेअरिंगवरचा दाब याच नटावर अवलंबून असतो. चाकांचे नटही सुमारे 50 ते 100 किलोमीटर धावल्यावर पुन्हा तपासावेत.