गुणोत्तराचं गणित: आधी भाग मोजा

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची पट्टी, म्हणजे विक्रीची रक्कम, ८४,००० रुपयांची झाली. शेताचा मालक आणि बटईदार (वाट्यानं शेती कसणारा) यांचा वाटा ३:४. इथं बरीच पोरं ८४,००० चे थेट ३/४ काढतात, आणि गणित तिथंच फसतं. ३:४ म्हणजे एकूण ७ भाग. ८४,००० ÷ ७ = १२,०००, हा एक भाग. मालकाला ३६,०००, बटईदाराला ४८,०००. बेरीज ८४,००० येते का, ते लगेच बघावं. हमाली-तोलाई वजा करायची असेल तर ती वाटणीच्या आधी.

वयाच्या गणितात मात्र क्ष धरावाच लागतो. आई-मुलीची वयं ७:२, पाच वर्षांनी ८:३. आजची वयं ७क्ष आणि २क्ष धरा. मग

(७क्ष + ५) / (२क्ष + ५) = ८/३

तिरकस गुणाकार: ३(७क्ष + ५) = ८(२क्ष + ५), म्हणजे २१क्ष + १५ = १६क्ष + ४०. ५क्ष = २५, क्ष = ५. आई ३५, मुलगी १०.

कंसाबाहेरची संख्या आतल्या दोन्ही पदांना लावा. ५ तसेच ठेवले तर २१क्ष + ५ = १६क्ष + ५ होतं आणि क्ष शून्य येतो! शिवाय क्ष हे उत्तर नव्हे. ७ आणि २ ने गुणायचं राहून गेलं की हातचे मार्क जातात.